खाली गेलं की थांबतं

सोलापुरात मी पाणबुड्यांच्या आजारावर काम केलं असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो. समुद्र इथून कुठच्या कुठे, नळाला रोज पाणी येत नाही असं हे गाव, आणि इथं पाणबुडे कुठून आले? लग्नकार्यात, भिशीत, नातेवाइकांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की मी उत्तर द्यायचंच सोडून दिलं. यंदा या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीबद्दल लिहायचा आग्रह धरला, तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहून टाकू. निवृत्तीनंतर माणसाला जुन्या दिवसांच्या गोड आठवणी येतात म्हणतात. मला फारशा येत नाहीत.

मी एका खाजगी रुग्णालयात ऑक्सिजन चेंबरवर टेक्निशियन होते. चेंबर म्हणजे लोखंडाची आडवी ठेवलेली मोठी टाकी. मालगाडीला तेलाचे डबे असतात, त्यांची धाकटी बहीण म्हणा. आत दोन बाक, एक स्ट्रेचर मावेल इतकी जागा आणि बाजूंना जाड पारदर्शक गोल खिडक्या. दार घट्ट लावून आतला हवेचा दाब वाढवायचा आणि पेशंटला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. दाबाखाली तो रक्तात जास्त विरघळतो आणि एरवी जिथं पोचत नाही तिथंही पोचतो. आमचे बहुतेक पेशंट मधुमेहाचे असायचे, पायाची जखम चिघळलेले, पाय कापावा लागेल असं ऐकून घाबरलेले. खेड्यातली माणसं चेंबरला 'पेटी' म्हणत. हळूहळू तो शब्द आमच्याही तोंडात बसला.

पेशंटबरोबर एकाला आत बसावं लागतं. ते काम माझं. दाब वाढायला लागला की आत उकडतं आणि कानाला दडे बसतात. नाक दाबून हवा कानाकडे ढकलली की दडा सुटतो. माणसांना नाक दाबायला शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. दाब उतरवताना उलटं होतं, अंगावर काटा येईल असा गारठा पडतो आणि आत धुकं साचतं. आगीची भीती तर कायमची. ऑक्सिजन असेल तिथं एका ठिणगीचा वणवा होतो. म्हणून आत काडेपेटी नाही, मोबाईल नाही, डोक्याला तेल नाही, नायलॉनचा धागा नाही, अंगावर फक्त सुती कपडा. एका पुढाऱ्यांनी पायाच्या बँडेजमध्ये मोबाईल लपवून आत न्यायचा प्रयत्न केला होता. मी तो काढून घेतला तेव्हा म्हणाले, "वरून फोन आला तर?" मी म्हणाले, "साहेब, हा घेऊन आत गेलात तर तुम्हीच वर जाल." माझी तक्रार झाली. अक्कलकोटकडच्या एक म्हाताऱ्या बाई आत यायलाच तयार नव्हत्या. जिवंतपणी भट्टीत घालताय, असं कन्नडमध्ये रडून सांगत होत्या. पाय वाचल्यावर त्याच बाई आमच्यासाठी कडक भाकऱ्यांची चवड घेऊन आल्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, वॉर्डात दखनी उर्दू असं माझं आयुष्य. कन्नड मला त्या पेटीनं शिकवलं.

पण लिहायचंय ते हणमंतबद्दल.

हणमंत केम स्टेशनच्या पलीकडचा, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावचा. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, छाती मात्र रुंद. धरणाचं पाणी त्याच्या जन्माच्या आधीच गावात शिरलेलं, त्यामुळे चालायला आणि पोहायला तो एकदमच शिकला असेल. आधी मासेमारी, मग शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाण्यात अडकलेले फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपा, सोडवून देणं, मग एका ठेकेदाराकडे पाणबुड्याचं काम. शहरांना पाणी पुरवणाऱ्या विहिरी धरणात असतात, त्यांच्या जाळ्या शेवाळानं आणि प्लॅस्टिकनं बुजतात. धरणांचे दरवाजे गळतात, अडकतात. आपल्या नळाला येणारं पाणी यावं म्हणून कुणीतरी खाली अंधारात जाऊन हातानं चाचपून गाळ काढत असतो, हे मला हणमंत येईपर्यंत माहीत नव्हतं. टीव्हीत दिसते तशी पाठीवर सिलिंडर घेऊन रंगीत मासे बघायची ती मजा नव्हे. वर तराफ्यावर एक कॉम्प्रेसर, त्याची लांबलचक रबरी नळी दातात धरलेली, कमरेला दोर आणि शिशाची वजनं. दोर एकदा ओढला की ठीक आहे, सारखा ओढला की वर घ्या. एवढीच सगळी व्यवस्था.

एका धरणाचा तळाजवळचा दरवाजा नीट बसत नव्हता. कुठलं धरण ते लिहीत नाही. हणमंत तिथं सलग काही दिवस, दिवसातून अनेकदा खाली जात होता. एका दुपारी वर आल्यावर त्याचा खांदा ठणकू लागला, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं झालं आणि कातडीवर निळसर चट्टे उठले. मुकादमानं त्याला सांगितलं, परत खाली जाऊन ये, बरं वाटेल. तो गेला. खरंच बरं वाटलं. मग वर आला आणि तराफ्यावर पाय ठेवायला गेला, तर पायच नव्हते. म्हणजे होते, पण त्याचे राहिले नव्हते.

ठेकेदारानं त्याला टेम्पोतून घरी पोचवला. घरी आधी शीर आखडली म्हणून तेल लावलं, मग हाडवैद्य झाला. लघवी अडली तेव्हा त्याची बायको सुरेखा घाबरली आणि त्याला अकलूजला घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. तिनं सांगितलं तसा त्यांनी लगेच आमच्याकडे फोन लावला. तरी मधले दिवस गेले ते गेलेच होते. या आजारात पहिले काही तास सोन्याचे. आमच्याकडे तो मातीच्या भावात आला.

चेंबरच्या डॉक्टरांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. बोलायला मोजके, पण पेशंटला समजावून सांगायचा त्यांना कधी कंटाळा नसे. स्ट्रेचरवर पडलेल्या हणमंतला त्यांनी सांगितलं, "खोल पाण्यात तुम्ही दाबाची हवा ओढता. तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि मज्जारज्जूत मुरतो. सावकाश, टप्प्याटप्प्यानं वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलात, दिवसभर वरखाली करत राहिलात, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं होतं. अंगातच बुडबुडे सुटतात आणि रक्ताची वाट अडवतात."

हणमंतनं हवेत बोटानं एक आडवी रेघ ओढली. "म्हंजी मोटरीनं हवा धरल्यागत," तो म्हणाला. "पाइप भरलेला दिसतो, पर पाणी म्होरं सरकत न्हाय."

"अगदी तसंच."

"मग फूटव्हॉल्व्ह काढून झटकायचा की."

सर हसले. "तुमचा काढता येत नाही हणमंतराव. म्हणून ही पेटी. दाबानं बुडबुडे बारीक करायचे आणि ऑक्सिजननं धुऊन काढायचे."

दार लागलं. आत आम्ही दोघं. दाब चढू लागला तशी मी सवयीनं सुरुवात केली, "कानाला दडा बसला की नाक धरायचं आणि..."

"म्हाईत हाय ताई." नाकाला हातही न लावता, नुसता जबडा हलवून त्यानं कान मोकळे केले. इतक्या वर्षांत कान शिकवावे लागले नाहीत असा तो पहिलाच पेशंट.

साठ फूट पाण्याखाली असतो तेवढा दाब झाला आणि मी मास्क लावला. पहिला उपचार लांबलचक असतो, जवळजवळ अख्खा दिवस जातो. अधूनमधून मास्क काढून साधी हवा द्यावी लागते, कारण इतका ऑक्सिजन मेंदूलाही सोसत नाही. एकदा त्याच्या ओठाचा कोपरा फडफडायला लागला. आकडी येण्याची ती खूण. मी मास्क ओढून काढला आणि त्याचं डोकं धरून बसले. फडफड थांबली. तो म्हणाला, "घाबरला व्हय ताई?" मी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली.

त्यानंतर थोड्या वेळानं त्यानं मान माझ्याकडे वळवली. "खांदा थांबला."

मला इतका आनंद झाला की मी आतल्या माइकवरून सरांना सांगायला उठले. हणमंतला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"थांबनारच की. खाली गेलं की थांबतंच."

"म्हणजे? याआधीही झालं होतं?"

"लई वेळा. सगळ्यांनाच हुतंय. सांधं दुखाय लागलं की परत खाली जायचं. जरा बसायचं. दुखायचं थांबलं की वर यायचं. मुकादम बी तेच सांगतो."

मी त्याला समजावू लागले, की खाली गेल्यावर बुडबुडा दाबला जातो म्हणून दुखणं थांबतं, पण तिथं बसून अंगात आणखी नायट्रोजन भरतो, आणि वर आलं की पहिल्यापेक्षा वाईट. तो ऐकून घेत होता. पण ज्या गोष्टीनं दरवेळी बरं वाटलंय ती गोष्ट वाईट आहे, हे माणसाला पटवणं किती अवघड असतं ते मी तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वाचलं.

सुरेखा सगळा वेळ गोल खिडकीशी उभी होती. केळीच्या पॅकिंगला जाणारी, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी बाई. बस म्हटलं तरी बसली नाही. दुपार कलली तेव्हा तिनं काचेवर टिचकी मारून चादरीकडे बोट दाखवलं. मी वळून बघितलं. चादरीखाली डाव्या पायाचा अंगठा हलत होता. हणमंतला स्वतःला ते कळलंही नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून खाली बसली.

पुढं रोज तो पेटीत येत होता. आधी स्ट्रेचरवर, मग चाकाच्या खुर्चीत, मग वॉकर धरून. लघवीची नळी निघाली. आमच्या फिजिओथेरपीच्या मुली त्याला 'पाणबुडे काका' म्हणायला लागल्या. बोलका झाला तसा तो आपल्या कामाबद्दल सांगू लागला. फुगवट्यात कुणी बुडालं, की पोलीस हणमंतलाच बोलावत. पाण्यात डोळ्यांनी काही दिसत नाही, तो हातानं शोधायचा. "सापडल्याव लगीच वर आणायचं न्हाई," तो सांगायचा. "आदी कपडं नीट करायचं. काठावर आई उभी असती की." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. मला वाटतं तो रास्तच होता.

घरी सोडायच्या दिवशी तो काठी टेकत चालत होता. डावा पाय ओढत होता आणि दोन्ही पोटऱ्यांत आग व्हायची, ती काही गेली नाही. सरांनी नवरा-बायकोला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की आता पाणी बंद. पोहायला चालेल, खोल जायचं नाही. मज्जारज्जूला एकदा मार बसलाय, दुसरा सोसायचा नाही.

"मग मी काय करू?" हणमंतनं विचारलं.

"केळीत काम हाय," सुरेखा म्हणाली. "माज्यासंगं यायचं."

साऱ्या काठावर जे काम दुसऱ्या कुणाला येत नाही ते करणारा माणूस, त्याला कुणीतरी केळीचे घड पुसायला बसवत होतं. मी हे आज समजून घेऊन लिहिते. त्या दिवशी मला सुरेखाचंच बरोबर वाटलं, आणि ते बरोबर होतंच.

त्याच्यानंतर वर्षभरात आमची पेटी गेली. सर निवृत्त होऊन मुलाकडे बंगळूरला गेले. रुग्णालयात नवं व्यवस्थापन आलं, हृदयाचा नवा विभाग निघाला, आणि त्याच्या वातानुकूलित प्रतीक्षागृहासाठी जागा हवी होती. पेटी जागा अडवते असं ठरलं. मी दोनदा वर जाऊन बोलले. ज्या पायांच्या जखमा बऱ्या झाल्या त्यांची नावं सांगितली, हणमंतबद्दल सांगितलं. व्यवस्थापक भला माणूस होता, चहा पाजला, आणि म्हणाला, "मॅडम, सोलापुरात पाणबुडे किती येणार?" तोच प्रश्न. या वेळी हसलं मात्र कुणी नाही.

अख्खी पेटी दारातून निघेना. भिंत फोडण्यापेक्षा पेटी कापणं सोपं, म्हणून गॅस कटरवाला बोलावला. ज्या खोलीत मी आयुष्यभर काडेपेटीला मज्जाव केला, तिथं दिवसभर ठिणग्या उडत होत्या. एक गोल खिडकी कँटीनवाला मागून घेऊन गेला. भाजी चिरायला चांगली आहे म्हणाला. मला स्टोअरमध्ये सलाइनच्या खोक्यांवर नेमलं. रुग्णालयाच्या बाहेरच्या पाटीवर 'ऑक्सिजन चेंबर उपलब्ध' ही ओळ मात्र पुढं कितीतरी दिवस तशीच होती. ती पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मग एका दुपारी स्टोअरमध्ये असताना माझा मोबाईल वाजला. सुरेखा होती.

"ताई, पेटी चालू करून ठिवा. आमी मोहोळपतूर आलोय. ह्यास्नी परत झालंय."

मोहोळ म्हणजे सोलापूर आलंच.

"सुरेखा, पेटी नाहीये."

"बिघडली काय? हुईल की नीट, आमी थांबतो."

"बिघडली नाही गं. काढून टाकली. विकली."

पलीकडून गाडीचा आवाज येत राहिला. मग तिनं विचारलं, "मग आता कुटं जाऊ?" तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. पुण्यात चेंबर होतं. मी तिथं फोन केला, त्यांनी लगेच या म्हणून सांगितलं. मोहोळमध्ये एका डॉक्टरांना गाठून ऑक्सिजनचं सिलिंडर असलेली रुग्णवाहिका मिळवली. त्याला सपाट झोपवा, मास्क काढू नका, शुद्धीवर असेल तर पाणी पाजत राहा, एवढं सगळं फोनवर सांगितलं. मग रुग्णवाहिका त्यांना घेऊन आल्या वाटेनं मागं फिरली. निघाले तेव्हाच पुण्याकडे तोंड केलं असतं, तर एव्हाना ते निम्म्याहून जास्त वाटेवर असते. ते सोलापूरकडे आले, कारण सोलापुरात पेटी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी शर्थ केली. हणमंत जगला, हात वाचले. कमरेखालचं काही परत आलं नाही. बंगळूरला सरांना फोन केला. ते म्हणाले, "एकाच जागी दुसरा घाव. मी सांगितलं होतं." रागावलेले वाटले नाहीत, थकलेले वाटले.

निवृत्त झाल्यावर मी त्याला भेटायला गेले. सोलापूरहून रेल्वेनं केमला उतरले. सुरेखाचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. केळीच्या बागांमधून रस्ता, शेवटी घर, आणि घराच्या मागच्या अंगाला लांबवर पसरलेलं पाणी. हणमंत पडवीत खाटेवर होता. छाती अजून रुंद, पाय मात्र वाळलेले.

"या ताई. कान मोकळं करायला आलाव काय?" तो हसला. मलाही हसावं लागलं.

काय झालं ते त्यानं स्वतःच सांगितलं. त्याच धरणाचा तोच दरवाजा पुन्हा अडकला होता. कालव्याला पाणी सोडायची वेळ आलेली, खालची गावं वाट बघत होती. ठेकेदारानं दुसरी माणसं उतरवून बघितली, त्यांना जमेना. तेव्हा तो मिठाई घेऊन घरी आला, बरोबर खालच्या गावची चार जाणती माणसं.

"काय म्हणाला?"

"म्हनला, हणमंता, आता भ्या कशाचं? सोलापूरला पेटी हाय. काय झालंच तर तासाभरात पेटीत घालून बरं करून आनू. मागं आनलं हुतं का न्हाई?"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला. ज्या यंत्रानं त्याला पाण्याबाहेर काढलं, त्याचंच नाव सांगून त्याला परत पाण्यात घातलं होतं. आणि तेव्हा ते यंत्र भंगारात कापून झालेलं होतं.

"तू नको म्हणालीस ना?" मी सुरेखाला विचारलं.

"पाया पडले," ती म्हणाली. "त्या चार मानसांच्या बी पडले."

"तिचं बरुबर हुतं," हणमंत म्हणाला. "पर खरं सांगू का ताई? मला बी जायचंच हुतं. पायात रातंदिस आग. म्हटलं, खाली गेलं की थांबंल."

"थांबली?"

"थांबली की." तो पाण्याकडे बघत होता. "लई बरं वाटलं. दरवाजा बी सुटला. वर यावं वाटंना."

दरवाजा सुटला, कालव्याला पाणी गेलं. हणमंत पुण्याहून घरी आल्यावर ठेकेदारानं गावात त्याचा सत्कार केला. चाकाच्या खुर्चीतून व्यासपीठावर नेला, शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. फोटो भिंतीवर लावला होता. फोटोत हणमंतच्या मांडीवर नारळ आहे आणि सगळे त्याच्या मागं उभे आहेत.

मी त्याची पाठ बघितली. माकडहाडावर जखम झाली होती, पडून राहणाऱ्यांना होते ती. कडा काळसर, आत खोल. अशा जखमा आम्ही रोज पेटीत भरून आणत होतो. माझ्यासारख्या बाईला ती जखम बघणं म्हणजे काय, ते मी लिहू शकत नाही. बरोबर आणलेल्या सामानानं जखम धुतली, ड्रेसिंग केलं, सुरेखाला परत एकदा दाखवलं. कूस कशी बदलायची, टाचांखाली काय ठेवायचं. तिला बहुतेक येतच होतं. जखमेला दाब बसू नये म्हणून तिनं कमरेखाली एक घडी घातली होती. ती सत्काराची शाल होती.

"ऊब काय न्हाई तिला," सुरेखा म्हणाली. "पर मऊ हाय."

चहा झाला. मी विचारलं, आता त्या कामावर कोण आहे. हणमंत म्हणाला, ठेकेदारानं लांबून माणसं आणलीत, समुद्राकडची, त्यांची भाषा कुणाला नीट कळत नाही. त्यातला एक जण मध्यंतरी विचारत विचारत घरी आला होता. खांदा धरून. इथं लई दुखतंय, तुम्ही जुने आहात, काय करू, असं हिंदीत विचारत होता.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. चादर काढली आन् म्हनलं, हे बघ. सुरेखानं पाठ बी दाखीवली. बघितलं त्यानं. लई येळ बघितलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी गेला कामाला."

सुरेखा कप उचलून आत ठेवून आली, हात पुसले, आणि त्याला दुसऱ्या कुशीवर वळवायची वेळ झाली म्हणाली. मी उठून खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिनं खांदे धरले, मी पाय धरले. पाय अगदी हलके होते.